तीन दिवसांचा उलटा सूर्य

परबमामा,

हेड मॅडमनी मला तुमच्यावर दोनशे शब्द लिहायला सांगितलेत. आपल्या भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र विभागाची वार्तापत्रिका निघतेय ना, तिच्यासाठी. पहिल्या पानावर 'कामगिरी', आत 'घडामोडी', आणि शेवटच्या पानावर खाली चौकटीत तुम्ही. "जरा हृद्य लिही प्रज्ञा, तुझं त्यांच्याशी जमायचं," म्हणाल्या. चार दिवस झाले, माझं एकच वाक्य झालंय: 'विभागाचे माजी प्रयोगशाळा परिचर श्री. शंकर परब यांचे नुकतेच दुःखद निधन झाले.' हे तुम्ही वाचलं असतंत तर चष्मा कपाळावर सारून विचारलं असतंत, "ह्यो कोण गो मेलो?"

म्हणून ते वाक्य खोडलं आणि आता गच्चीवर, तुमच्या स्टुलावर बसून तुम्हालाच लिहितेय. सकाळचे नऊ वाजलेत. परळचा तो नवा टॉवर सूर्याला अजून मोकळा सोडत नाहीये. मला भीती वाटतेय मामा. तुम्ही गेल्याचं दुःख आहेच, पण खरं सांगू का, दुःखाला अजून आत शिरायला जागाच मिळालेली नाही. सगळी जागा या मेल्या भीतीनं अडवलीय.

कशाची, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला एकट्यालाच ठाऊक होतं.

आधी बातमी सांगते. पहिल्या पानावर माझा फोटो आहे. रोज सकाळी तुम्ही सूर्याची जी चित्रं काढलीत, पस्तीस वर्षं, निवृत्तीनंतरसुद्धा गिरगावातून बस पकडून येऊन काढलीत, ती सगळी स्कॅन होऊन परदेशातल्या एका मोठ्या संग्रहात गेली. एका दुर्बिणीची, जवळपास एकाच हाताची, एवढी सलग मालिका फार कमी ठिकाणी आहे म्हणे. त्यातले डाग मोजून मी जो निबंध लिहिला त्याला बक्षीस मिळालं. त्या बातमीत 'सलग' हा शब्द तीनदा आलाय. प्रत्येक वेळी तो वाचला की मी पान उलटते.

मी एम.एस्सी.ला आले तो दिवस आठवतो? दहा-बारा पोरं होतो आम्ही गच्चीवर. तुम्ही दुर्बीण सूर्यावर धरलीत, आणि तिच्यातून आलेला उजेड समोरच्या पुठ्ठ्यावर पडला. बशीएवढं पांढरंशुभ्र वर्तुळ, आणि त्यात चार-पाच काळे ठिपके. "हे सूर्यावरचे डाग," म्हणालात. मग खिशातून वर्तमानपत्राचा कपटा काढून जिथे आपण डोळा लावतो तिथे धरलात. एका क्षणात धूर, आणि कागदाला भोक. बाकीची पोरं हसली, टाळ्या पिटल्या. मी एवढी दचकून मागे सरले की पाण्याच्या टाकीवर आपटले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "खंयची गो तू?" "लालबागची." त्यावर तुमचा चेहरा असा खुलला! "घाबरलंस? बरां झाला. घाबरलेलो माणूस हयसर डोळो लावीत नाय." आणि दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठ्याला कागद लावायचं काम तुम्ही मला दिलंत. विभागात सगळ्यांशी तुमचं छापील मराठी असायचं, "होय सर", "आणतो मॅडम". मालवणी फक्त माझ्याशी. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चाळीतल्या माणसाला चाळीतलं माणूस बरोबर ओळखू येतं."

तुमचं एक पान मी डोळे मिटून अजूनही काढू शकते. कंपासनं आखलेलं वर्तुळ. वर तारीख आणि वेळ. खाली शिक्का, 'निरीक्षक: शं. तु. परब'. आणि त्याच्याखाली फूटपट्टीनं मारलेल्या दोन रेघा, शेऱ्यासाठी. शेऱ्यात तुम्ही कायकाय लिहायचात! 'हवा चांगली.' 'मिलच्या जागी खोदकाम, धूळ.' 'घार आडवी गेली, पुन्हा मोजले.' आणि पावसाळ्यात महिनोन्महिने नुसतं रिकामं वर्तुळ आणि 'ढग'. मी एकदा वैतागून म्हटलं होतं, मामा, काही दिसतच नाही तर कागद कशाला फुकट घालवायचा? तुम्ही तुमच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मुहूर्ताआधी येऊन चित्र काढून गेलेला माणूस. तुम्ही भडकलात. "मी इल्लंय, तो नाय इलो, ह्यां लिवक् नको?" मी आलो होतो, तो आला नाही, हे लिहायला नको का!

कॅमेऱ्याचं आपलं भांडणही अर्धंच राहिलं. मी दर वर्षी अर्ज करायचे, कॅमेरा बसवू या, माणसाची चूक तरी टळेल. तुम्ही दर वर्षी म्हणायचात, "कॅमेरो शेरो लिवता काय?" मी चिडायचे. पण 'माणसाची चूक' हे शब्द तोंडातून गेले की मीच आधी खाली बघायचे, आणि तुम्ही ते बघितल्याचं कधी दाखवलं नाहीत.

आता ते सांगते. दुसऱ्या कुणीतरी वाचायच्या आधी मीच लिहिलेलं बरं.

सात वर्षांपूर्वी तुमची बायपास झाली, तेव्हा पाच आठवडे पानं माझ्याकडे होती. मी पीएच.डी. करत होते. तुम्ही दवाखान्यात जाताना बजावलं होतंत: पानावर शिक्का हवाच, म्हणून रोज मार, पण तो खोड आणि शेजारी तुझं नाव लिही. मी तसंच करत होते. मग फेब्रुवारीत नागपूरहून नोकरीसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. जाणं-येणं धरून तीन दिवस. तेव्हाच्या हेडना सांगायची माझी छाती झाली नाही. ही दुसरीकडे नोकरी बघतेय म्हटल्यावर इथली माझी फेलोशिप राहील की जाईल, याच भीतीत होते. गुपचूप गेले. नोकरी मिळाली नाहीच. परत आले तर तीन पानं नव्हती.

पावसाळा असता तर 'ढग' लिहून मोकळी झाले असते. पण फेब्रुवारी. आख्ख्या मुंबईला सूर्य दिसत होता. आणि 'कुणी आलं नाही' असा शेरा तुमच्या सगळ्या फायलींत एकदाही नव्हता. तो पहिला शेरा माझा असणार, आमच्या घरातली पहिली पोरगी जी इथवर पोचली तिचा, या विचारानंच मला घाम फुटला. आपल्यातलं एक चुकलं की बोट सगळ्यांकडे जातं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. मी फोन काढला, उपग्रहाचे त्या तीन दिवसांचे फोटो उघडले, आणि खाली प्रयोगशाळेत बसून तीन सूर्य उतरवून काढले. शिक्का मारला. मात्र तो खोडून माझं नाव लिहायला हात धजेना. खोट्या चित्राखाली माझं नाव कसं टाकू? म्हणून तुमचं राहू दिलं. लाज वाटते मामा. नुसतं लिहितानाही कान तापलेत.

तुम्ही परत आलात, अर्धे झालेले, शर्ट हँगरवर टांगल्यासारखा. आल्या आल्या फाईल मागितलीत. मी चहा आणायला गेले आणि परत आले तर तुम्ही एकेक पान उलटत गालात हसत होतात. "काय गो," म्हणालात, "तीन दिवस सूर्य उलटो फिरलो?"

मला कळेचना. मग तुम्ही पानं शेजारी शेजारी मांडलीत. आपण सूर्याकडे पाठ करून पुठ्ठ्यासमोर बसतो, म्हणून आपल्या पानांवर डाग रोज थोडे थोडे उजवीकडून डावीकडे सरकतात. उपग्रह सूर्याकडे तोंड करून फोटो घेतो, त्यात ते डावीकडून उजवीकडे जातात. मी फोनवर होतं तसंच्या तसं उतरवलं होतं. सगळे डाग तीन दिवस या कडेचे त्या कडेला उडी मारून गेले, उलटे चालले, आणि चौथ्या दिवशी गपचूप आपल्या जागी परत. पीएच.डी. करणारी मुलगी, आणि ही अक्कल!

मी तिथेच रडायला लागले. म्हटलं, फाडून टाकू या मामा. तुमचं हसू गेलं. "फाडूक देवचंय नाय. शेरो लिव. तुझ्या हातान." मी म्हटलं, आता नको, इथली जागा निघतेय, मुलाखत होऊ दे, मग लिहिते. "मी कोणाक सांगूचंय नाय," तुम्ही म्हणालात. "पण मी लिवचंय पण नाय. तू लिव. मी थांबतंय."

जागा मिळाली. म्हटलं, प्रोबेशन संपू दे. ते संपलं. म्हटलं, निबंध जाऊ दे, त्यात नुसती डागांची संख्या आहे, संख्या उलटी झाली तरी तेवढीच राहते, कुणाचं काय बिघडतंय. तुम्ही दर फेब्रुवारीत एकदाच विचारायचात, डबा उघडताना, मामींचं घावन माझ्या ताटलीत टाकताना: "लिवलंस?" मी म्हणायचे, "लिहिते." तुम्ही म्हणायचात, "खा." सात वर्षं हेच. एकदा मी तुमच्यावर ओरडलेसुद्धा, आठवतं? "मामा, तुम्ही मला दर वर्षी फासावर चढवता!" त्या दिवशी तुम्ही घावनं दोन टाकलीत. त्याची माफी मागायची राहिली.

शीवच्या दवाखान्यात मी शेवटची आले ते दुपारी, भेटायच्या वेळेत. मामी पेज आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही विचारलंत, "आज ढग होते काय गो?" नव्हते, म्हटलं. "काढलंस?" काढलं. मग तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटलं, आता विचारणार. आणि मी त्या भीतीनं बडबडायला लागले, बक्षीस, बातमी, हेड मॅडम, फोटोत कुठली साडी नेसू. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. "बरां झाला," म्हणालात आणि डोळे मिटलेत. भेटायची वेळ संपायला पंधरा मिनिटं होती. मी तेवढ्यात सटकले. तुम्ही विचारणार होतात का मामा? की विचारायचं सोडून दिलं होतंत? यातलं दुसरं असेल तर मला जास्त भीती वाटते.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

दहाव्याला बाणगंगेवर आले होते. लांब, मागे उभी. पिंड ठेवला होता आणि कावळा काही येत नव्हता. तुमचा मुलगा म्हणाला, बाबा, आईला आम्ही सांभाळू. जावई म्हणाले, गावचं घर विकणार नाही. कावळा कठड्यावर बसून नुसता मान वाकडी करून बघत होता. आमच्यात हे काही मानत नाहीत, आणि मी तर विज्ञानाची डॉक्टर. तरी मी कठड्याकडे बघायचं टाळलं. सगळे एकमेकांकडे बघून विचारत होते, अजून काय राहिलंय त्यांचं? मी तिथून निघून आले. तो शिवला की नाही, हे मामींना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

पण सगळ्यात वाईट पुढेच आहे.

परवा तन्वी आली माझ्याकडे. माझी विद्यार्थिनी, तुम्ही तिला 'ती चष्मावाली' म्हणायचात. हुशार आहे. ती आता नुसते डाग मोजत नाही, त्यांच्या जागा मोजून सूर्य किती वेगानं फिरतो ते काढतेय. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "मॅडम, सात वर्षांपूर्वीचे हे तीन दिवस सॉलिड गंडलेत. सगळं मिरर झालंय. आणि गंमत म्हणजे मागचीपुढची पानं तुमच्या नावावर आहेत, ही तीनच परबमामांच्या. त्यांची तब्येत तेव्हा ठीक नव्हती ना? औषधांच्या गुंगीत काढली असतील का?"

मामा, मी म्हटलं, "असेल बहुतेक."

एवढंच म्हटलं. तोंडातून निघून गेलं. ती बिचारी हळहळली आणि हेड मॅडमकडे गेली. मॅडमही हळहळल्या. "वय झालं होतं त्यांचं. काही हरकत नाही, संग्रहाला एक टीप पाठवू: या तीन दिवशी निरीक्षकाच्या प्रकृतीमुळे नोंद सदोष." म्हणजे बघा. पस्तीस वर्षं तुम्ही एक ठिपका इकडचा तिकडे होऊ दिला नाहीत, आणि जगातला जो कुणी तुमची पानं उघडेल त्याला पहिली ती टीप दिसणार. आजारी म्हातारा, गुंगीत चुकला. आणि पहिल्या पानावर मी, साडी नेसून. पंधरा दिवस नाही झाले तुम्हाला जाऊन.

त्या संध्याकाळी मी गिरगावात, फणसवाडीत मामींकडे गेले. सांगायचंच ठरवून गेले होते. त्यांनी चहा ठेवला, आणि मी बोलायच्या आत फडताळातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. विभागाच्या गच्चीवरच्या खोलीतल्या कपाटाची. "दवाखान्यात जाताना म्हणाले, ही प्रज्ञाक दी. आता तिचा काम." मी चहा तसाच ठेवून उठले. मामी मागून म्हणत होत्या, अगो, बस तरी.

काल कपाट उघडलं. ती फाईल काढली. स्कॅनवाल्यांनी परत केल्यानंतर तुम्ही ती पुन्हा बांधली होतीत, तुमचीच ती गाठ. माझी तीन उलटी पानं होती तिथेच होती. पण प्रत्येकाच्या मागे एक कोरा कागद घातलेला. त्यावर कंपासचं वर्तुळ, वर तुमच्या अक्षरात त्या दिवसाची तारीख, खाली फूटपट्टीनं मारलेल्या शेऱ्याच्या दोन रेघा. वर्तुळ रिकामं. रेघा रिकाम्या. आणि शिक्का नाही. शिक्क्याची जागा तुम्ही मोकळी ठेवली होतीत.

मी फरशीवर बसून राहिले. तुम्ही थांबतो म्हणालात म्हणजे असे थांबलात होय!

आता मला काय होईल ते मला ठाऊक आहे. बक्षीस परत मागतील. निबंधातले ते तीन दिवस काढून टाकले तरी आकडे फारसे हलत नाहीत, पण ते कोण ऐकणार? 'सलग' हा शब्द जाईल. चौकशी बसेल. नोकरी राहते की नाही देव जाणे, म्हणजे तुमचा देव, आमच्याकडे तोही नाही विचारायला. सकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, "तुझ्यापायी मेलेल्या माणसाचं नाव खराब होत असेल तर तुझ्या डिग्रीचं काय लोणचं घालू?" मग तवा उतरवून भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे बघत बसली. तिलाही भीती वाटली, मला दिसलं. पण तिनं 'नको सांगूस' म्हटलं नाही.

नऊ वीस. टॉवरमागून सूर्य आलाय. आजचं चित्र आधी काढलं, नाहीतर तुम्ही शिव्या घातल्या असत्यात. दोन डाग आहेत, उजव्या कडेपाशी, आत्ता कुठे आत शिरलेत. शेरा: हवा चांगली.

मग ती तीन कोरी पानं घेतली. तुमची पेन्सिल घेतली. वर्तुळांना हात लावला नाही. तुमच्या रेघांवर तिन्ही पानांवर एकच लिहिलं, आणि निरीक्षकाच्या जागी माझं पूर्ण नाव. जुन्या पानांवरचा तुमचा शिक्का खोडला, तिथेही माझंच नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलंय. खोडून पुन्हा काढलं नाही.

आता हे सगळं घेऊन खाली हेड मॅडमच्या केबिनमध्ये जातेय. त्यांनी चौकटीसाठी दोनशे शब्द मागितले होते, त्यांच्या जागी हे देणार आहे. छापतील न छापतील. तन्वीला बोलावलंय, तिच्यासमोरच देईन. जाम भीती वाटतेय मामा.

पण लिवलंय. शेरा असा आहे:

'सूर्य होता. मी नव्हते.'